घोरण्याचा विनोद

घोरणे हा विषय साहित्यात बहुधा विनोदाच्याच वाट्याला आलेला आहे. आपल्याकडे कुंभकर्ण आहे, आणि इंग्रजीत चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरीतला जो नावाचा लठ्ठ पोऱ्या. हातातले काम चालू असतानाही हा पोऱ्या घोरतो, आणि वाचक हसतो. १९५६ साली काही अमेरिकन डॉक्टरांनी स्थूलता आणि उथळ श्वसनाशी निगडित अशा एका विकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले, तेव्हा त्या हसण्याखाली एक आजार दडलेला होता हे अधोरेखित झाले. वर्गात ही गोष्ट आम्ही अनेकदा सांगितली असेल. स्वतःच्या घरात मात्र ती आम्हाला ओळखता आली नाही.

आम्ही दोघेही साहित्याचे अध्यापक. आमच्यापैकी एकीला सातवा महिना लागला होता. ती घोरू लागली याची घरात थट्टा झाली, आणि त्या थट्टेत तीही सामील होती. दिवसा तिला झोप अनावर होई, सकाळी डोके जड असे. 'दिवस गेल्यावर झोप यायचीच,' यावर दोन्हीकडच्या आयांचे एकमत होते. तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पण झोपेविषयी कोणी विचारले नाही, आणि आम्हीही काही सांगितले नाही.

एका रात्री आमच्यापैकी दुसरा शेजारी बसून उत्तरपत्रिका तपासत होता. घोरणे एकाएकी थांबले. बरे झाले, असे वाटून त्याने पुढचे पान उलटले. आणि मग त्याच्या लक्षात आले, की श्वासही ऐकू येत नाही. तो आकडे मोजू लागला. अठराव्या आकड्याला ती गुदमरल्यासारखी दचकली, मोठा श्वास घेतला आणि कुशीवर वळली. पाचएक मिनिटांनी पुन्हा तेच. त्या रात्री उत्तरपत्रिका तशाच राहिल्या. सकाळी तिला विचारले तर तिला काहीच आठवत नव्हते. मोबाइलवर टिपलेला आवाज ऐकवला तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, आणि मग एवढेच म्हणाली, 'आणि बाळ?'

पुढच्या गोष्टी तज्ज्ञांकडून कळल्या. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बुजते. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू दचकून क्षणभर जागा होतो. श्वास दहा सेकंद वा अधिक थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. गरोदरपणात नाकाचे अस्तर सुजते, वजन वाढते, वाढते गर्भाशय श्वासपटलाला वर रेटते. म्हणून पूर्वी नसलेला हा त्रास या काळात उद्भवू शकतो. पहिलटकरणींच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत (२०१७) आरंभीच्या महिन्यांत सुमारे ३.६ टक्के आणि मध्यावर ८.३ टक्के स्त्रियांमध्ये झोपेतील श्वसनाचा असा बिघाड आढळला. अशा स्त्रियांमध्ये रक्तदाबाचे विकार आणि गरोदरपणातला मधुमेह यांचे प्रमाणही अधिक होते.

घरीच एक रात्र तपासणी झाली. तासाला सरासरी एकोणीस वेळा श्वास अडत होता. मग नाकावर मुखवटा आणि उशाशी यंत्र आले. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेला हा उपाय तत्त्वतः अगदी साधा आहे: हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवायची. पहिल्या दोन रात्री तिने मुखवटा भिरकावून दिला. तिसऱ्या रात्री ती सलग झोपली, आणि सकाळी म्हणाली, की इतक्या दिवसांत आपण थकलो होतो हेच कळले नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या नाहीत. मुलगी सदतिसाव्या आठवड्यात झाली, सुखरूप. ती यंत्रामुळेच सुखरूप झाली असा दावा आम्ही करणार नाही. तसे सिद्ध करता येत नाही.

पण भाषेची माणसे म्हणून एक गोष्ट आम्हाला राहून राहून बोचते. 'डोहाळे' हा शब्द 'दोहद'पासून आला. आयुर्वेद गर्भिणीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हणतो. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात राजा दिलीप सुदक्षिणेच्या सख्यांना विचारतो, की तिला काय हवे आहे. गर्भिणीच्या इच्छेची इतकी काळजी वाहणाऱ्या या परंपरेत वाढलेल्या आमच्या घरात तिला काय खावेसे वाटते हे रोज विचारले गेले. तिच्या झोपेची मात्र चेष्टाच झाली.

शिवाय या आजाराचे निवेदन प्रथमपुरुषी एकवचनात होऊ शकत नाही. ज्याचा श्वास थांबतो त्याला ते ठाऊक नसते. ज्याला ठाऊक होते त्याचा श्वास चालू असतो. म्हणून हा लेख 'आम्ही' लिहिला आहे. आमच्या वाचकांत, त्यांच्या विद्यार्थिनींत, लेकीसुनांत कोणी गरोदर असेल, तर डोहाळ्यांबरोबर हेही विचारावे, की रात्री घोरतेस का, सकाळी डोके दुखते का. आणि उत्तर शेजारी झोपणाऱ्याकडूनही घ्यावे. 'हो' असे उत्तर आले, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. आम्ही घातले नव्हते.