हाडांचं वेळापत्रक

आमच्या जिल्ह्यात सर्वांत जास्त धावपटू कुठे तयार होतात असं कुणी विचारलं, तर मी एखाद्या क्रीडा संकुलाचं नाव घेणार नाही. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींकडे बोट दाखवीन. लोणार तालुक्यातलं बीबी हे जुन्या नागपूर-मुंबई मार्गावरचं गाव. भरतीची कुणकुण लागली की इथल्या रस्त्याच्या कडेनं पहाटेच्या अंधारात पावलं वाजू लागतात. या मुलांना कुणी खेळाडू म्हणत नाही, पण त्यांच्या शरीरावर पडणारा ताण खेळाडूचाच असतो. मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे. हाडांना होणाऱ्या दुखापती हा माझा विषय, आणि माझ्याकडे येणाऱ्या या मुलांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "नडगी दुखते."

पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८००. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढले तर २० पैकी २० गुण. म्हणजे दर १०० मीटर साडेएकोणीस सेकंदांच्या आत, सलग सोळा वेळा. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद. हे काही गंमत म्हणून धावणं नव्हे, ही शर्यतच आहे. फरक इतकाच, की शर्यतीच्या धावपटूला तयारीला वर्षं मिळतात आणि आमची बरीच मुलं जाहिरात निघाल्यावर कंबर कसतात.

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर उलट येतो. अर्ध्या तासात एकेक पाय अडीच हजारांच्या आसपास वेळा आपटतो. या माऱ्यानं हाडात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. यात वाईट काही नाही. हाड जिवंत आहे, ते स्वतःची डागडुजी करतं आणि जिथे ताण पडतो तिथे अधिक मजबूत होतं. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला, तो आजही आमच्या शास्त्राचा पाया आहे.

खरी मेख डागडुजीच्या वेळापत्रकात आहे. रस्त्याचं काम करताना जसं जुनं आधी उखडावं लागतं आणि मग नवं भरता येतं, तसंच हाडाचं. भेगाळलेला भाग काही पेशी खाऊन काढतात, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. तिथे नवं हाड भरून ते पक्कं व्हायला मात्र तीन महिने जातात. त्यामुळे जोरात सराव सुरू केल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, टायमिंग सुधारत असतं आणि पोरगा राउंड वाढवतो. फुप्फुसं आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड मागे राहतं. नडगीचा 'स्ट्रेस फ्रॅक्चर', म्हणजे वारंवारच्या ताणानं हाडाला जाणारी भेग, बहुधा या काळात घडतो.

तपासताना मी नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापर्यंत नेते. दुखणं बोटभर किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल आणि धावून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा हाडावरच्या आवरणाचं दुखणं. सराव कमी केला की आटोक्यात येतं. पण एकाच ठिकाणी, एका बोटाखाली कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालताच मुलगा विव्हळत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर मी धावणं त्याच दिवशी बंद करायला सांगते. अशा वेळी सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो. भेग दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, एमआरआयमध्ये ती आधी कळते. "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर विसंबून गोळी खाऊन धावणं सर्वांत धोक्याचं. गोळीनं वेदना थांबते, भेग वाढतच राहते.

हे दुखणं सैनिकांचं म्हणूनच जगाला प्रथम कळलं. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली. पुढे इस्रायली लष्करात अनेक वर्षं यावर संशोधन झालं. तिथे रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालण्याचं अंतर घटवलं, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटलं. अमेरिकी नौदलातल्या पाच हजारांवर महिला रिक्रूटांना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर ते २० टक्क्यांनी कमी झालं. हा अभ्यास २००८ चा. महागड्या बुटांच्या आधी झोप, आहार आणि बेताचा सराव यांचा नंबर लागतो, असं मी म्हणते ते याच आधारावर.

आमच्या मुलांचा दिवस पाहा. पहाटे अंधारात ग्राउंड, मग दिवसभर अभ्यासिकेत लेखीची तयारी. धावतात उघड्यावर, पण ड जीवनसत्त्व देणारं दुपारचं ऊन अंगावर पडतच नाही. कोवळ्या उन्हात ते फारसं मिळत नाही. प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीची भाकरी कितीही चांगली असली तरी तिच्यात ते थोडंच असतं. दूध, दही, ताक, तीळ आणि नाचणी यांची जोड हवीच. बीबीच्या शिवारात सोयाबीन पिकतं. त्यात शेकडा छत्तीसच्या वर प्रथिनं असतात, पण ते पोत्यांत भरून बाजारात जातं, ताटात येत नाही. नीट शिजवलेलं किंवा भाजून दळलेलं सोयाबीन धावणाऱ्या घरात तरी रोज असावं.

मुलींबाबत मला अधिक काळजी वाटते. वजन वाढू नये म्हणून त्या जेवण तोडतात. पाळी लांबली की "बरं झालं, ग्राउंडला अडचण नाही" असं म्हणतात. पाळी थांबणं ही सुटका नाही, शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण आहे. इस्ट्रोजेन घटलं की हाडं झिजू लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन सगळ्या खेळांना सावध केलं आहे. आईनं आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीच्या सरांनी ही गोष्ट न लाजता विचारली पाहिजे.

आणि हाडांचा पाया भरतीच्या वयाच्या कितीतरी आधी घातला जातो. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांचा अभ्यास झाला. पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांच्या खेळत्या हातातल्या हाडाला, उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा दोन ते चार पट अधिक फायदा झालेला दिसला. आमच्या जिल्हा परिषद शाळांच्या मैदानावर खो-खो, लंगडी आणि दोरीवरच्या उड्या आहेतच. उड्या मारणं, दिशा बदलणं, अचानक थांबणं, हे सगळं हाडाला हवं असतं. खेळाचा तास गणिताला देऊ नका, एवढंच शिक्षकांना सांगणं.

भरतीची तारीख कुणाच्या हातात नाही. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता निदान तीन महिने आधी हळूहळू सुरुवात करा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या, दोन दिवस पोटऱ्या, मांड्या आणि कमरेचा व्यायाम करा. लांब ढांगांऐवजी जरा आखूड, जलद पावलं टाका, नडगीवरचा भार कमी होतो. डांबरापेक्षा मातीची वाट निवडा. रात्री सात तास झोपा. आणि नडगीवर एका बोटाखाली कळ येत असेल, तर उद्या पहाटे धावू नका, आधी तपासून घ्या.