ओट्यापुढची जागा

झाशीच्या जुन्या शहरात घर आणि रस्ता यांच्या मध्ये एक तिसरी वस्तू असे. आम्हां मराठी घरांतून तिला ओटा म्हणत. शेजारची बुंदेली मंडळी चबुतरा म्हणत. ओट्याची मालकी कागदोपत्री घराची असली, तरी वहिवाट गल्लीची असे. भाजीवाली आपली पाटी तेथे टेकवी, शाळेतून परतणारी मुले तेथे दप्तरे टाकून खेळायला पळत, आणि संध्याकाळी गल्लीतले वृद्ध तेथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करीत. घर कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाला हे त्या दोन हात रुंदीच्या दगडी पट्टीवर ठरत नसे, आणि ते ठरविण्याची कोणाला गरजही वाटत नसे.

ही वस्ती काही आपोआप उभी राहिलेली नाही. टेकडीवरचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला. पेशव्यांच्या वतीने नारो शंकर १७४२ मध्ये येथे आला. त्याने किल्ला वाढविला आणि पायथ्याशी शहर वसविले. दक्षिणेतून आलेले भिक्षुक, कारकून आणि शिलेदार येथे स्थिरावले आणि त्यांनी आपल्याकडच्यासारखे चौकांचे वाडे बांधले. वाड्यांमधल्या गल्ल्या पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाच्या होत्या. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली एकमेकींना भेटावी, एवढाच त्यांचा रुंदपणा. १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजची फौज तटावरून आत उतरली तेव्हा तिला याच गल्ल्यांतून घरागणिक लढावे लागले. वरसईहून आलेले विष्णुभट गोडसे तेव्हा शहरातच होते. त्यांनी पाहिलेली ती लूट आणि जाळपोळ त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकामुळे आपल्याला ठाऊक आहे. पुढे १८६१ मध्ये झाशी शिंद्यांकडे गेली, १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आली. राज्ये बदलली, गल्ल्या राहिल्या. त्यांना आता जेरीस आणले आहे ते उभ्या राहिलेल्या मोटारींनी.

उभ्या राहिलेल्या, असे मी जाणूनबुजून म्हणतो. धावणारी मोटार क्षणभराने निघून जाते. उभी मोटार मात्र सायंकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत गल्लीची भाडेकरू असते, आणि भाडे काही देत नाही.

किल्ला आणि राणीमहाल ही संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. त्यामुळे त्या टप्प्याच्या आतले वाडे डागडुजीवर जगतात किंवा निमूटपणे ढासळतात, आणि बाहेरच्या वाड्यांवर बिल्डरांची नजर असते. आमचा वाडा या सीमेच्या बाहेर आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत चार वाडे जाऊन तेथे अपार्टमेंटे आली. नकाशावर प्रत्येकीचा तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला होता, मोटारी ठेवण्यासाठी. प्रत्यक्षात एका ठिकाणी त्या खांबांमध्ये भिंती भरून साड्यांचे दुकान झाले, दुसऱ्या ठिकाणी लोखंडी शटर लावून गोदाम झाले. मोटारी बाहेर आल्या. ओटे त्यांच्या वाटेत येत होते, म्हणून आधी ओटे फुटले.

याचा अर्थ मला दोन वर्षांपूर्वी एका मध्यरात्री कळला. माझ्या आत्याला श्वास लागेनासा झाला. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत दोन्ही बाजूंना मोटारी होत्या आणि मधून एक सायकल जाईल एवढीच वाट होती. मग काकांनी माजघरातली वेताची खुर्ची बाहेर काढली, आत्याला तिच्यावर बसविले, आणि चार तरुणांनी ती खुर्ची खांद्यापर्यंत उचलून मोटारींच्या वरून, एखादी पालखी न्यावी तशी, मुख्य रस्त्यापर्यंत नेली. ज्यांच्या मोटारी वाटेत होत्या त्यांचीच ती मुले. एकानेही क्षणाचा विलंब लावला नाही. पुढचे तीन दिवस ती आळीपाळीने इस्पितळात बसली. आत्या घरी परतली. परतल्यावर त्यांच्यावर रागावणे मला जमले नाही. माणसे वाईट झालेली नव्हती. ज्याला त्याला स्वतःच्या घराचा इंच न् इंच मोजून मिळाला होता, आणि जे मोजले नव्हते ते गल्लीच्या अंगावर टाकले गेले होते.

गेल्या वर्षी आमच्या वाड्यासाठीही माणूस आला. वाड्याची जमीन चार हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७२ चौरस मीटर. त्यावर चार मजले आणि १६ फ्लॅट असा त्याचा बेत होता. छताखाली एक मोटार ठेवायची आणि तिला वळायला जागा द्यायची तर बांधकामाच्या नियमांत साधारण २८ चौरस मीटर धरतात. प्रत्येक घरी एकच मोटार धरली तरी १६ घरांना ४४८ चौरस मीटर हवेत. जिना, पाण्याची टाकी, चौकीदाराची खोली सारे वगळून, नुसत्या मोटारींनाच आमची सगळी जमीन पुरत नव्हती. नकाशावर आठ मोटारी दाखविल्या होत्या. उरलेल्या आठ कोठे जातील, असे मी विचारले. त्याने हसून उघड्या दरवाजातून बाहेर पाहिले. उत्तर पुरेसे स्पष्ट होते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. मुंबईच्या एका गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, महाराष्ट्राच्या कायद्याखाली, खांबांमधली मोटारींची जागा बिल्डरला निराळी विकता येत नाही, असा निर्णय दिला. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने उघड्यावरची वाहनांची जागा सामायिक मानली. पण हे सारे इमारतीच्या कुंपणाच्या आतले न्याय. कुंपणाबाहेरच्या गल्लीची बाजू कोणी मांडायची? जपानात १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याला ती ठेवण्याची जागा आपल्यापाशी आहे याचा दाखला आधी द्यावा लागतो. आपल्याकडे मोटार आधी येते आणि जागा शेजाऱ्याच्या दारात शोधली जाते. पुण्याच्या पेठांत चुलत बहिणीकडे गेलो की सम आणि विषम तारखांचे फलक दिसतात. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. आमच्या गल्लीला दुसरी बाजूच नाही.

वाड्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याचे छप्पर पावसाळ्यात सात ठिकाणी गळते. काकूंचे गुडघे त्या उंच पायऱ्या चढत नाहीत. पाच भावंडांचे हिस्से त्यात अडकले आहेत आणि डागडुजीचा खर्च झाशीत राहणाऱ्या दोघांवर पडतो. तो पाडू नये, असे म्हणणे हा आमच्याकडून तरी ढोंगीपणा ठरेल. प्रश्न पाडावा की नाही हा नव्हता. पाडल्यावर गल्लीला काय परत द्यायचे, हा होता.

तो सोडविला काकांनी. त्यांनी बिल्डरला सांगितले, "घरे दहाच बांधायची. दहांच्या मोटारी खाली मावतात. आणि गल्लीकडची सहा हात जागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुंपण न घालता मोकळी सोडायची. तिच्यावर ना दुकान, ना मोटार. एक दगडी ओटा तेवढा बांधून द्या." बिल्डर म्हणाला, हिशेब बसत नाही. काका म्हणाले, "बसेल तेव्हा या."

महिन्याने तो आला. दहा घरे कबूल, पण मग आमच्या वाट्याला पाचाऐवजी तीन. सहा हात जागेची किंमत किती, हे तेव्हा आम्हांला रुपयांत कळले. मी सर्व भावंडांना पत्रे लिहिली. पुण्याच्या बहिणीचा दूरध्वनी आला. "दादा, मी सही करते," ती म्हणाली, "पण ही अट तोंडी ठेवू नका. दस्तात घाला, आणि मोकळी जागा नकाशावर लाल रेघेने आखून घ्या. तोंडी ठेवलेल्या जागा येथे कशा गेल्या, ते मी पाहिले आहे."

इंदूरच्या भावाचे उत्तर अजून आलेले नाही. त्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि त्याला पैशाची निकड आहे. आत्याची ती रात्र त्याने पाहिलेली नाही. आणि पाहिली नाही म्हणून त्याला गल्लीचे महत्त्व समजावून सांगण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे मला वाटत नाही. मी त्याला फक्त १६ मोटारींचा हिशेब एका कागदावर मांडून पाठविला आहे, आणि गल्लीची रुंदी खाली लिहिली आहे: बारा फूट.