मर्यादेचा पहारा

भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवर उभ्या असलेल्या इंदिरासागर धरणाला ३३ दरवाजे आहेत. पाणी कितीही मोलाचे असो, ठरावीक पातळीपलीकडे ते अडवून ठेवता येत नाही. साठ्याची सुरक्षितता साठवण्याइतकीच सोडण्यावरही अवलंबून असते.

जुन्या सायकलीला मोटार बसवून घरीच विजेचे वाहन घडवणाऱ्या हौशी तरुणांनी हेच तत्त्व बॅटरीच्या बाबतीत ध्यानी घ्यावे. प्रचलित लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि सुमारे ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. असे १३ सेल ओळीने जोडले की पूर्ण भरल्यावर बेरीज ५४.६ व्होल्ट होते. परंतु १२ सेल ४.१८ व्होल्टवर असले आणि एक दुबळा सेल ४.४४ व्होल्टवर गेला, तरी बेरीज तीच येते. चार्जरच्या दृष्टीने हिशेब चोख असतो. त्या एका सेलमध्ये मात्र आगीचे बीज पडलेले असते. बेरीज जुळली म्हणून प्रत्येक खाते खरे ठरत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

बीएमएस नावाचे सर्किट हे प्रत्येक खाते स्वतंत्र तपासते. विद्युत्प्रवाह व तापमान यांवरही त्याची नजर असते. पुढे गेलेल्या सेलमधील जादा भार ते थोडा थोडा सोडून देते आणि मर्यादा ओलांडली जाताच वीज तोडते. मात्र ते सेलच्या संख्येला व प्रकाराला अनुरूपच हवे. लिथियम-फॉस्फेट सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट असल्याने एकाचे सर्किट दुसऱ्याला चालत नाही.

२०२२ मध्ये देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक केले. घरगुती बॅटरी मात्र बहुधा कोणत्याच प्रयोगशाळेत तपासली जात नाही. तिचा परीक्षक म्हणजे ती बनवणारा आणि तिचे सुटे भाग विकणारा दुकानदार.

परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक संग्रहाची सीमा स्वतःच आखून घेतो. बॅटरीला तसा विवेक नसतो. तो माणसाने पुरवावा लागतो. ग्राहक पैसे वाचवण्यासाठी बीएमएसविना सेल मागू लागला, तर ज्या घरात ती बॅटरी रात्री चार्जिंगला लागणार आहे तेथे मुले झोपलेली असतील, हे दुकानदाराने आठवावे आणि तो सौदा नम्रपणे नाकारावा. अशा वेळी गेलेला नफा अहिंसेच्या खात्यात जमा होतो.