पाचांतला तिसरा

"मॅडम, आहे का नाही, तेवढंच सांगा न जी."

हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या त्या माणसाने रिपोर्टची घडी दोनदा उलगडली आणि टेबलावर सरकवली. धाकटा भाऊ झोपेतच गेला होता. इकोत याच्याही हृदयाची भिंत जाड निघाली. म्हणून जनुकांची तपासणी झाली आणि उत्तर आलं: एमवायबीपीसी३ जनुकात एका अक्षराचा बदल, अर्थ अनिश्चित.

समोरच्या समुपदेशक बाईंना हा प्रश्न नवा नव्हता. विदर्भात सिकलसेलचा रिपोर्ट समजावणं सोपं. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. तिथला बदल एकच आणि पक्का ओळखीचा. हृदयाच्या स्नायूंच्या जनुकांत मात्र बदल शेकड्यांनी सापडतात, आणि कित्येक एखाद्याच घराण्यात.

२०१५च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बदलांचे पाच वर्ग पडतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. नुसतं 'बहुधा' म्हणायलाही नव्वद टक्क्यांहून जास्त खात्री लागते. बाकी सगळं तिसऱ्या खान्यात. बदल निरोगी माणसांत किती आढळतो, घरातल्या आजारी माणसांतच उतरलाय का, प्रयोगशाळेत प्रथिन बिघडतं का, हे पाहायचं. सॉफ्टवेअरचे अंदाजही असतात. चौघांना विचारलं तर गावच्या पंचांसारखी चार मतं पडतात. बाई ती वाचतात, पण शेवटी.

घाई कशी नडते, याचा दाखला याच जनुकात आहे. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या थंगराज आणि सहकाऱ्यांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दाखवलं, की या जनुकातली पंचवीस अक्षरांची एक तूट भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असते आणि हृदय निकामी होण्याशी तिचा संबंध दिसतो. आकडा धडकी भरवणारा. शंभरांतली चार माणसं म्हणजे हिंगण्याच्या आठवडी बाजारातही कितीतरी. पण ती तूट असलेली बहुतेक माणसं ठणठणीत होती. २०२०च्या फेरतपासणीत उलगडा झाला: काही घराण्यांत याच जनुकातला दुसरा, एका अक्षराचा बदल त्या तुटीच्या सोबतीने उतरला होता, आणि जाड भिंतीचा खरा दोषी तो होता. गुन्ह्याच्या जागी नेहमी दिसतो म्हणून शेजाऱ्याला धरावं, तसं झालं होतं.

निरोगी माणसांच्या ज्या यादीशी बदल ताडून पाहतात, तीत आपली माणसं कमी असली की आपल्याकडचा साधा बदलही दुर्मीळ, म्हणजेच संशयित ठरतो. इंडिजेन प्रकल्पाने १,०२९ भारतीयांचे जीनोम वाचले, तेव्हा कुठे ही यादी जरा भरली. या माणसाचा बदल मात्र कुठल्याच यादीत नव्हता.

बाईंनी कागद उलटा करून वंशवृक्ष काढला. भावाच्या चौकोनावर तिरपी रेघ, आईच्या गोलात प्रश्नचिन्ह. "आईंचा इको झालाय का?"

"नाही जी. दम लागते तिला, पण वयानंच असन."

बाईंनी प्रश्नचिन्हाखाली 'इको' लिहिलं. आईची भिंत जाड निघाली तर हा बदल तिच्या रक्तात शोधायचा. सापडला तर पुराव्यात थोडी भर, नाही सापडला तर याच बदलावरचा संशय सैल.

"मंग पोरीचं रक्त आणू का?"

"रक्त नको. ईसीजी आणि इको करू तिचा."

त्याने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. बाईंनी फायलीवर पेन्सिलीने फेरतपासणीची तारीख लिहिली.