आजारपणाचा कागद

आमच्या गावच्या उपकेंद्रावर ज्या सिस्टर होत्या, त्यांनी आपलं नाव लिहायला मला मनाई केली आहे. "मी पगार घेतला, त्याचं काम केलं. लिहायचंच असेल तर काम लिहा," असं त्या म्हणाल्या. म्हणून काम लिहिते. माझी आई आज सत्तरी ओलांडून ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसते, नातवंडांना दटावते, पावसाची वाट पाहते, ते त्या कामामुळे.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. इथल्या विहिरींचं पाणी खारट. वान धरणाचं पाणी यायच्या आधी आमच्या आयाबाया तेच पीत मोठ्या झाल्या. मूत्रपिंडाचं दुखणं हा आमच्याकडे घरोघरी काळजीचा विषय. त्यात आईला शुगर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींवर गेला, त्यांतली ती एक. शेगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या, मग रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. जिभेवर ताबा, पहाटे शेताकडे चालणं, वेळेवर औषध, या बाबतीत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तब्येत ठीक असतानाचं सगळं तिला पाठ होतं. तापाच्या दिवसांत काय करायचं, ते मात्र कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यासाठी गावाचा एक नियम होता आणि तो सगळ्या घरांत चालायचा. जेवण नाही, तर गोळी नाही अन् सुई नाही. हा नियम अडाणीपणातून आलेला नव्हता. उपाशीपोटी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली की माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे लोकांनी पाहिलेलं होतं. साखर एकाएकी उतरण्याची भीती खरी होती. ती चढते तेव्हा मात्र आवाज करत नाही, म्हणून त्या बाजूची भीती कुणाला ठाऊक नव्हती.

करोनाच्या आदल्या वर्षी भाद्रपदात गावात तापाची साथ आली. आई अंथरुणाला खिळली. तोंडाला चव नाही, भाकरीचा वास नको, चहासुद्धा नको. रिवाजाप्रमाणे औषधं बंद झाली. बाबा म्हणायचे, "पोटात अन्नाचा दाना नाई, तं शुगर वाढन कशी?" ती सारखं पाणी मागायची, रात्रीतून कितीदा तरी लघवीला उठायची. पाणी तरी पोटात जातं आहे, याचंच घरच्यांना समाधान. मग तिचं उठणं कमी झालं, बोलणं असंबद्ध झालं. बाबांना ती आपल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. तापात माणूस बरळतं, असं शेजारचे म्हणाले.

सिस्टर आल्या त्या तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घ्यायला, दारोदार फिरत. आईला पाहताच त्यांनी नमुन्याच्या काचा बाजूला ठेवल्या. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. जीभ सुकून भेगाळलेली. मग त्यांनी पिशवीतून साखर मोजायचं मशीन काढलं. आईचं बोट आधी पाण्याने धुतलं, कोरडं पुसलं, कारण बोटाला गूळ-साखरेचा अंश असला तर आकडा खोटा येतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीनवर आकडा आलाच नाही. इंग्रजी 'एच' आणि 'आय' अशी दोन अक्षरं उमटली. "मशीन बिघडली वाटते," बाबा म्हणाले. सिस्टरांनी दुसरं बोट धुऊन पुन्हा पाहिलं. तीच दोन अक्षरं.

"मशीन चांगली आहे काका," त्या म्हणाल्या. "हिचा आकडा सहाशेपर्यंतच जातो. काकूंची साखर त्याच्याही वर आहे."

१०८ ला फोन त्यांनीच केला. गाडी येईपर्यंत कुणीतरी लिंबूपाणी आणलं, ते त्यांनी परत पाठवलं, कारण धड शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आईला कुशीवर वळवलं. घरातल्या साऱ्या गोळ्यांची पाकिटं आणि इन्सुलिनची बाटली एका पिशवीत घातली. एका चिठ्ठीवर लिहिलं, ताप कधीपासून, शेवटचं इन्सुलिन कधी, शेवटचं जेवण कधी, मशीनने काय दाखवलं. आणि पूर्णेचा पूल ओलांडून, शेगाववरून खामगावच्या सामान्य रुग्णालयापर्यंत त्या गाडीत आईच्या उशाशी बसून गेल्या. मी अकोल्याहून पोचले तेव्हा आईला सलाईन लागलेलं होतं, आणि ती चिठ्ठी तिच्या कागदांना टाचलेली होती.

तिथल्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं, त्यांचंही माझ्यावर ऋण आहे. टाइप टू मधुमेहात अंगात थोडंफार इन्सुलिन शिल्लक असतं. रक्तात आम्ल साचू न देण्याइतकं ते बहुधा पुरतं, पण चढती साखर थोपवायला पुरत नाही. वाढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडताना अंगातलं पाणी ओढून नेते. रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडावर ताण येतो, मेंदूवर ग्लानी चढते. हे काही दिवस मुकाट चालतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांत ओळखायला उशीर होतो आणि उशीर झाला की जिवावर बेततं. उपचारही दमाने करावे लागतात. आधी पाणी, मग शिरेतून बेताबेताने इन्सुलिन, आणि सोबत पोटॅशियमसारख्या क्षारांवर सतत नजर.

आई घरी आली, आणि सिस्टरांचं काम माझ्या मते तिथून पुढे सुरू झालं. बाबांची शंका अजून फिटली नव्हती. न जेवता साखर चढलीच कशी? सिस्टर ओट्यावर टेकल्या. "काकू, तुमच्या अंगातच धान्याची एक कोठी आहे, यकृत. ताप आला की अंगाला लढायला ताकद लागते, म्हणून ते कोठीचं तोंड उघडतं. तुम्ही जेवा, नका जेवू, साखर रक्तात येतच राहते. आणि तापातच इन्सुलिनचा जोर कमी पडतो. अशा वेळी सुईही बंद केली, तर त्या साखरेला आवरणार कोण?" कोठीचं तोंड उघडायला लावणाऱ्या कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन या संप्रेरकांची नावं मी नंतर वाचली. बाबांना कोठीवरून सगळं कळलं होतं.

मग त्यांनी माझ्या भाच्याच्या शाळेच्या वहीतलं पान घेतलं आणि पट्टीने तीन रकाने पाडले. पहिल्यावर लिहिलं 'बंद करायचं नाही', दुसऱ्यावर 'डॉक्टरांना विचारून थांबवायचं', तिसऱ्यावर 'मनाने घ्यायचंच नाही'. पण रकाने भरायला त्या तयार नव्हत्या. "हे भरायचा अधिकार तुमच्या डॉक्टरांचा," म्हणाल्या, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासोबत शेगावला आल्या. डॉक्टरांनी आपल्या पेनाने रकाने भरले.

पहिल्या रकान्यात रात्रीचं इन्सुलिन. किती घ्यायचं ते आकडा पाहून, फोन करून ठरवायचं, पण आपल्या मनाने ते कधी सोडायचं नाही. दुसऱ्या रकान्यात मेटफॉर्मिन, कारण उलट्या-जुलाबांनी अंग कोरडं पडलं असताना मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जड जातं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. त्याच रकान्यात ग्लिमेपिराइड, कारण पोटात काही नसताना त्याने साखर धोक्याइतकी खाली येते. रक्तदाबाची गोळीही तिथेच, कारण पाणी कमी झालेल्या अंगात तीही मूत्रपिंडाला भारी पडू शकते. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्या आई घेत नव्हती. घेत असती तर त्यांचीही जागा दुसऱ्या रकान्यात, कारण आजारपणात त्या चालू ठेवल्या तर साखरेचा आकडा बरा दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. तिसऱ्या रकान्यात दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या. हा रकाना सिस्टरांनी बोट ठेवून पुन्हा वाचून दाखवला, कारण खारपाणपट्ट्यातल्या मूत्रपिंडांची त्यांना खरी काळजी. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापात.

मला त्या दिवशी लख्ख दिसलं. 'सगळं बंद' हा गावचा नियम चूक होताच, पण 'काही झालं तरी सगळं चालू' हाही तितकाच चूक ठरला असता. प्रत्येक औषधाचा आजारपणातला कायदा वेगळा, आणि तो डोकं ताळ्यावर असताना, अंगात ताप नसताना ठरवून ठेवावा लागतो. तापलेल्या माणसाला आणि घाबरलेल्या घराला तो सुचत नाही.

पानाच्या मागच्या बाजूला खाण्यापिण्याचं लिहून दिलं. साखर दर चार तासांनी पाहायची. तासातासाला घोटघोट करत पेलाभर पाणी. जेवण जात नसेल तर भाताची पेज, ज्वारीची आंबील, वरणाचं पाणी, पातळ ताक, थोडं थोडं. आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आणि कधी निघायचं, तेही स्पष्ट लिहिलेलं. साखर ३०० च्या वर गेली आणि औषध घेऊनही उतरेना, पोटात पाणीसुद्धा टिकेना, श्वास जोराने चालू लागला, झोपेची गुंगी चढली, बोलणं तुटलं, लघवी थांबली, तर वाट पाहायची नाही.

ओआरएसवरून आई अडून बसली होती. "त्यात साखर असते बाई." सिस्टरांनी पाकीट तिच्या हातात दिलं. लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. तेवढ्या ग्लुकोजच्या आधाराने आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, म्हणून ते घातलेलं असतं. जुलाब-उलट्यांत ते पाणी मधुमेह्याचंही औषधच, फक्त साखर मोजत राहायची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीने माणसं मरत होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून अनेकांना वाचवलं. आईच्या पेल्यात त्यांचं ऋण आहे. तिच्या रात्रीच्या सुईत टोरांटोच्या बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांचं. १९२१ साली सुरू झालेल्या त्यांच्या कामातून जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, आणि पुढल्या वर्षी त्याचं पेटंट अवघ्या एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं गेलं. शेजारच्या जिजींचंही ऋण आहे. आमच्याकडे फ्रिज नव्हता तेव्हा आईची बाटली त्यांच्या फ्रिजमध्ये असायची. बर्फाच्या खणात गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनांनाही बजावलं. उन्हाळ्यात लाईट गेली की बाटली मडक्याच्या गारव्यात हलवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्याबद्दल त्यांनी कधी ताकाचा पेलाही घेतला नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आईला करोना झाला. श्वासासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं, आणि स्टेरॉइडने साखर उसळते. या वेळी घरात गोंधळ नव्हता. पहिल्या तापालाच बाबांनी कागद काढला, वहीत आकडे मांडले, डॉक्टरांना फोन केला, आणि कोविड केंद्रात जाताना वही आणि कागद दोन्ही पिशवीत गेले. तिथल्या डॉक्टरांनी ते पाहून इन्सुलिन वाढवलं. आई आपल्या पायांनी चालत घरी आली.

मी सिस्टरांकडे साडी घेऊन गेले होते. त्यांनी ती ठेवून घेतली नाही. "तुम्ही मास्तरीण आहात. पालकसभा घेता ना? त्यातली दहा मिनिटं मला द्या." त्या सेवेत असेपर्यंत अकोल्याला माझ्या शाळेत येत राहिल्या. त्या निवृत्त झाल्यापासून ती दहा मिनिटं मी घेते. गावात तेच काम आई करते. बचत गटातली कुणी बाई आईच्या कागदाचा फोटो काढायला मोबाईल पुढे करते, तेव्हा आई कागदावर हात ठेवते. "माहा घेऊन काय करतं? तुह्या गोया अलग हाय. तुह्या डॉक्टरकून तुहा भरून आन."

पालकसभेत माझंही शेवटी हेच सांगणं असतं. घरात शुगरचं माणूस असेल तर एका कोऱ्या पानावर तीन रकाने पाडा, घरातल्या सगळ्या गोळ्या आणि इन्सुलिन पिशवीत घाला, आणि पुढचा ताप यायच्या आत, याच आठवड्यात, ते पान डॉक्टरांकडून भरून आणा.