बेतीमार्गे आग्वाद

ज्यांच्या दारी मोटार नाही, अथवा असूनही ती हाकण्याची हौस नाही, अशी माणसे आमच्या गोमंतकात आजही थोडीथोडकी नाहीत. त्यांना कोणी विचारले, "आग्वादचा तुरुंग पाहिलात काय?" तर बहुधा उलट प्रश्न येतो, "तिथं जायचं कसं?" प्रश्न साधा आहे खरा; परंतु ज्या वास्तूत आपल्याच माणसांनी आपल्यासाठी बंदिवास सोसला, ती वास्तू आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे एखाद्यास वाटावे, ही गोष्ट काही साधी नव्हे. मी स्वतः वाहन चालवीत नाही. गेल्या हिवाळ्यात फोंड्याहून निघून, बस, फेरीबोट आणि पाय एवढ्याच साधनांनी मी तेथे जाऊन आलो.

फोंडे ते पणजी हा भाग नित्याचाच. पणजीहून पुढे बहुतेक वाहने मांडवीच्या पुलावरून पर्वरीकडे वळतात. मी मात्र धक्क्यावर जाऊन बेतीची फेरीबोट धरली. तिला पादचाऱ्याकडून मोबदला लागत नाही, आणि पैलतीर काही मिनिटांतच येतो. आम्हा अंत्रूजवासीयांच्या मनात नदी ओलांडण्याला एक खोल अर्थ आहे. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळास आले, ते असेच पाण्यापलीकडे. त्या वेळी राजसत्तेच्या हातून सुटण्यासाठी नदी ओलांडावी लागली. येथे तीच सत्ता माणसांना नदीपलीकडे कोंडून ठेवीत होती. मांडवीवरचा पहिला पूल १९७० साली झाला. तोवर पणजीहून या तीरास यायचे तर सर्वांनाच पाण्यावर विसंबावे लागे; मग तो अधिकारी असो, कैदी असो, वा कैद्याच्या भेटीची आस धरून निघालेला आप्त असो.

बेतीचा धक्का हे नुसते उतरण्याचे ठिकाण नव्हे. १९५५च्या ऑक्टोबरात येथील पोलीस ठाण्यावर आझाद गोमंतक दलाने हल्ला केला, आणि त्या चकमकीत मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले. हे मूळचे मनोहर आपटे. आमच्याच महालातील सावई-वेरे येथे मराठीचे शिक्षक म्हणून राहिलेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली व पुढे पोर्तुगालात नेण्यात आले. गोवा मुक्त झाला तरी ते मुक्त झाले नाहीत. त्यांची सुटका व्हायला १९६९चा जानेवारी उजाडावा लागला. त्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली खटपट अनेकांच्या स्मरणात असेल.

याच बेतीपर्यंत १८ डिसेंबर १९६१च्या सायंकाळी भारतीय सेना येऊन ठेपली होती. आग्वादमध्ये स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते कैदेत आहेत हे कळल्यावर मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांची तुकडी त्यांना सोडविण्यासाठी तिकडे निघाली. किल्ल्यातील शिबंदीस शरणागतीची आज्ञा अजून पोहोचली नव्हती. तिने गोळीबार केला व त्यात मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल हे दोघे कामास आले. गोव्याच्या मुक्तीचा दिवस उजाडत असता, परमुलखातून आलेल्या या दोघांनी आपल्या लोकांच्या बेड्या तोडण्यासाठी प्राण वेचले. पर्वरीच्या रुंद रस्त्याने जाणाऱ्यास हे बेती लागतच नाही.

धक्क्यापासून वेरे, नेरूळ, कांदोळी अशी बस जाते. काही बसगाड्या सिकेरीपर्यंत नेतात, काही कांदोळीहूनच पुढे कळंगुटास वळतात; म्हणून चढतानाच विचारून घ्यावे. कंडक्टरने मला विचारले, "मामा, खंय देंवतले?" मी म्हटले, "आग्वाद. बंदखण." "किल्लो न्हय?" त्याने पुन्हा खात्री करून घेतली, आणि ते योग्यच झाले. वरचा किल्ला व दीपगृह एकीकडे, आणि तुरुंग खाली नदीच्या मुखाशी दुसरीकडे. किल्ला १६१२ साली बांधून झाला. 'आग्वा' म्हणजे पाणी. दूरवर जाणारी गलबते येथे गोडे पाणी भरून घेत. वरचे टाके तेवीस लाख गॅलनांहून अधिक पाणी साठवू शके. वाटसरूंची तहान भागविणाऱ्या या जागेचा पुढे तुरुंग झाला.

सिकेरीहून पुढे अर्धा-पाऊण तासाची चाल आहे. सकाळी लवकर निघावे, पाणी जवळ बाळगावे, पावसाळ्यात हा बेत करू नये. चालता चालता ही जागा तुरुंगासाठी का निवडली असेल ते कळत जाते. गाव मागे पडते, माणसांचे आवाज विरतात, आणि एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस पाणी एवढेच उरते. मोटारीने हे अंतर पाच-सात मिनिटांत संपत असेल; पायांना मात्र त्याचा एकांत भोगावा लागतो.

१९४६च्या जूनमध्ये मडगावी डॉ. राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंगाची हाक दिली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना आग्वादच्या अंधाऱ्या, ओलसर कोठडीत ठेवले. मग लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. सप्टेंबरात लोहिया पुन्हा गोव्यात आले, तेव्हा त्यांनाही काही दिवस येथेच ठेवण्यात आले. मुक्तीनंतरही हा तुरुंग २०१५पर्यंत चालू होता. १९ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे संग्रहालय झाले.

आवारात उभे राहिले की पलीकडचा तीर स्वच्छ दिसतो. कोंडलेल्या माणसाला मुक्त किनारा असा समोर ठेवून वंचित करणे, ही शिक्षेतली शिक्षा म्हटली पाहिजे. तेथे आलेले बरेच जण सूर्यास्ताची शोभा पाहत होते. त्यांना दोष कशास द्यावा? शोभा आहे, आणि ती पाहण्याचे स्वातंत्र्य याच भिंतींआड मोलाने मिळवलेले आहे.

एवढेच वाटते की, सिकेरी ते तुरुंग या अखेरच्या टप्प्यासाठी दिवसातून दोन-चार वेळा एखादी छोटी बस धावावी. स्वातंत्र्याच्या लढ्याचे दिवस पाहिलेली पिढी आता फार थकली आहे. तिला पाऊण तास चालवत नाही. नातवंडाचा हात धरून एखाद्या आजीला त्या कोठडीच्या दाराशी जाता आले, तर पुढच्या पिढीला मिळेल तो इतिहास कोणत्याही फलकावर लिहिलेला नसेल.