लोणारचा भूमिवासी

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या यात्रेला जोडून अनेक कुटुंबे लोणारचे सरोवर पाहून येतात. अशनीच्या आघाताने काळ्या बेसाल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. जून २०२० मध्ये याचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीत त्याचा समावेश झाला. तेव्हापासून वर्दळ वाढली आहे. येथे मिळणाऱ्या द्रव्यांपासून काच व साबण बनतो, असा उल्लेख अकबराच्या काळातील 'आइन-इ-अकबरी'त आहे. व्यापारी नजरेला हे जुने गिऱ्हाईक ओळखीचे वाटेल.

ज्या क्षारांनी साबण बनतो, ते बेडकाला घातक. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, त्वचेतून शोषतो. म्हणून येथे त्याचा आधार सरोवर नव्हे, तर धारेच्या गोमुखातून बारमाही पडणारे गोडे पाणी आणि पावसाची डबकी.

दख्खनच्या पठारावरील एक बेडूक तर डबक्याविनाही वर्षाचा मोठा काळ काढतो. गोल, ठेंगणा, जेमतेम दोन इंचांचा. मागच्या पायाच्या टाचेशी फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरीत तो पाठमोरा खाली उतरतो आणि ओलाव्याशी निश्चल राहतो. त्याच्या कुळातील पश्चिम भारतीय जातीला २०१७ साली पुण्याच्या अभ्यासकांनी 'पश्चिमा' हे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतील पर्जन्यबेडूकही असाच पाठमोरा खणतो. मात्र त्याची पिले मातीतच अंड्यांतून थेट बेडूक होऊन निघतात. आपल्याकडच्या बेडकाला तशी सवलत नाही. त्याची अंडी साचलेल्या पाण्यात, आणि ते आटण्यापूर्वी पिलांना पाय फुटलेच पाहिजेत. त्यामुळे पहिल्या जोराच्या सरीला सगळेच एकदम वर येतात, रात्री, आणि डांबरी रस्ता ओलांडू लागतात.

नंद मणियाराची कथा आपल्या घरांत ठाऊक आहे: स्वतः बांधलेल्या पुष्करिणीच्या आसक्तीने तो बेडूक होऊन जन्मला आणि भगवान महावीरांच्या दर्शनास निघाला असता श्रेणिक राजाच्या लवाजम्यात चिरडला गेला. मुनिराज चातुर्मासात विहार थांबवतात, पण मृगाची पहिली सर त्याआधीच येते आणि आपल्या मोटारी थांबत नाहीत.

अशा रात्री मेहकरहून लोणारकडे जाण्याचा बेत असेल, तर मेहकरलाच मुक्काम करावा. सकाळी निघावे, तोवर ते डबक्यांपाशी पोहोचलेले असतात.